चाळीस, पंचेचाळीस, सत्तावन्न: सांगलीतल्या एका बिनलेबलच्या बँडचं पहिलं रेकॉर्डिंग

गेल्या आठवड्यात दिल्लीहून, कॉपीराइट कार्यालयाकडून, मेल आली आणि दीड वर्ष डायरीत पुढे पुढे ढकलत आणलेली एक ओळ मी खोडली. आमच्या बँडची पहिली चार गाणी रेकॉर्ड करून, कागदपत्रांसकट, लोकांपर्यंत पोचवायची, एवढंच ते काम. सुरुवात केली तेव्हा शोधून शोधून जे वाचायला मिळालं ते मुंबई-पुण्यातल्या, तीन मिनिटांची गाणी करणाऱ्यांसाठी लिहिलेलं होतं. आमचं लांबातलं लांब गाणं नऊ मिनिटं बारा सेकंदांचं आहे आणि ते सात मात्रांच्या हिशेबात चालतं. म्हणून हे लिहून ठेवतेय. बँडचं नाव देत नाही, नाहीतर ही जाहिरात होईल.

आम्ही चौघं. मी कीबोर्ड वाजवते, गाते आणि दिवसभर मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिते. गिटारवर माझा मावसभाऊ. बेसवर मिरजेतले एक शाळामास्तर, त्यांना आम्ही सरच म्हणतो. ड्रमवर हरिपूरचा एक पोरगा, ज्याचं सगळं लहानपण भजनी मंडळात तबल्याशेजारी बसून गेलं. लेबल, म्हणजे गाणी काढणारी कंपनी, नाही, मॅनेजर नाही. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे काय असं कुणी विचारलं की मी सांगते, ख्यालासारखं रॉक: घाई नाही, एका गाण्यात चार मुक्काम, आणि ताल सरळ चारचाच असेल असं नाही. सत्तरच्या दशकात इंग्लंडातल्या बँड वीस-वीस मिनिटांची गाणी करायच्या. तबकडीच्या एका बाजूला साधारण तेवढंच मावायचं. आमच्या वाट्याला तबकडी आली नाही, मोबाईल आला.

खरं तर हे आमचं पहिलं रेकॉर्डिंग नव्हे. पहिलं फेब्रुवारी २०१९ मध्ये झालं, गावभागात, आमच्या तेव्हाच्या पाचव्या गड्याच्या घरी, तळमजल्यावरच्या खोलीत. एक लॅपटॉप, एक उसना माईक, दाराला गोधड्या. चार गाणी झाली. ऑगस्टमध्ये पूर आला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ फुटांवर धोका, हे सांगलीत पोरंसोरंही सांगतात. त्या वर्षी ते ५७ फुटांच्या वर गेलं. त्या घरात छताला हात लागेल इतकं पाणी होतं. हार्ड डिस्क नंतर चिखलातून काढली, तांदळात ठेवली, पुण्याला दाखवली. काही निघालं नाही. त्या घरानं पुढच्या वर्षी गाव बदललं, आमचा तो पाचवा गडी बंगळुरूला नोकरीला गेला, आणि बँड दोन-तीन वर्षं नुसता व्हॉट्सॲप ग्रुपपुरता उरला.

जून २०२४ मध्ये मी फोन बदलत होते. जुन्या चॅट चाळताना त्यानंच कधीतरी पाठवलेली एक एमपी-थ्री फाईल सापडली. सात एमबी. चारातलं एक गाणं वाचलेलं. आवाज डब्यातून आल्यासारखा, गिटार बेसूर, आणि शेवटाकडे मागच्या स्वयंपाकघरातून त्याच्या आईच्या, म्हणजे काकूंच्या, कुकरच्या शिट्ट्या. मी ती फाईल ग्रुपवर टाकली. रात्री साडेअकराला सरांचा मेसेज आला: "परत करूया."

तेच गाणं आम्ही नव्यानं बांधलं, आता पुरावर. त्याचे भाग आम्ही फुटांनीच ओळखतो. चाळीस म्हणजे नुसता तानपुरा आणि आवाज. पंचेचाळीसला ताल येतो. सत्तावन्नला सगळे. तालमीतही कुणी "दुसऱ्या कडव्यापासून घे" म्हणत नाही, "पंचेचाळीसपासून" म्हणतात.

पहिली अडचण क्लिकची. रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक जण वेगवेगळा वाजवतो, म्हणून कानात टिक-टिक लावावी लागते. आमचा ताल सातचा, तीन-दोन-दोन. मी कॉम्प्युटरवर क्लिक लावलं, पहिल्या मात्रेवर जोरात टिक. आणि आमचा ड्रमर, जो डोळे मिटून सात वाजवतो, तो अडखळायला लागला. तीन आठवडे असं चाललं. मावसभाऊ म्हणायला लागला, ह्याला क्लिकवर जमत नाही, ड्रम कॉम्प्युटरवरच प्रोग्रॅम करूया.

शेवटी एका रविवारी हरिपूरला त्याच्या घरी बसलो होतो. त्याचे वडील, अण्णा, ओसरीवर ऐकत होते. ते म्हणाले, "अगं, तुझं मशीन समेवर हातोडा मारतंय. रूपकची सम खाली असती. तिथं मोकळं सोडायचं असतंय."

खरंच की. रूपक म्हणजे सात मात्रांचा ताल: ती ती ना, धी ना, धी ना. पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, टाळी नसते, खाली, म्हणजे मोकळी मात्रा, असते. टाळ्या चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर. पोरगा लहानपणापासून तसंच वाजवत आलेला. त्याचा किक-ड्रम एकवर हलका पडायचा आणि चारवर वजन यायचं, आणि मी त्याच्या कानात नेमकी उलटी टिक-टिक सोडली होती. क्लिकमधला पहिल्या मात्रेवरचा जोर काढून चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर टाकला. तिसऱ्या टेकला गाणं शेवटपर्यंत गेलं. गाण्याला जी एक पायाखालून जमीन सरकल्यासारखी चाल आहे, तिचं कारण तेवढंच. तुमच्या ड्रमरला क्लिकवर जमत नसेल तर आधी क्लिक तपासा.

ड्रमला सात-आठ माईक लागतात. घरच्या दोन चॅनलच्या इंटरफेसवर, म्हणजे माईक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या पेटीवर, ते शक्य नाही. (तो इंटरफेस जुना घेतला, ८,५०० रुपये. बाकी सगळं, गिटार, बेस, गळा, त्याच्यावरच झालं.) म्हणून ड्रमपुरते कोल्हापूरला एका स्टुडिओत गेलो, १४ आणि १५ डिसेंबर २०२४, शनिवार-रविवार. आठ तासांच्या शिफ्टला ७,००० रुपये, दोन शिफ्ट, गाडीचा खर्च १,२००. स्टुडिओचा ड्रमसेट वापरला, झांजा आणि स्नेअर मात्र आपले नेले. घड्याळ तुम्ही दारात पाऊल टाकल्यापासून सुरू होतं आणि माईक लावण्यात अडीच तास जातात, हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी दीड गाणं झालं. दुसऱ्या दिवशी अडीच. शेवटच्या टेकच्या वेळी ड्रमरच्या बोटाला फोड येऊन फुटला होता. ते गाण्यात ऐकू येत नाही, पण मला दरवेळी आठवतं.

मग घरी येऊन मी जो घोळ घातला तो सविस्तर सांगते, कारण तो मूर्खपणा कुणीही करू शकतं. स्टुडिओनं ड्रम ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड केले होते, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने; ह्यालाच सँपल रेट म्हणतात. घरचा आमचा प्रोजेक्ट ४४.१ वर. फाईल ओढून टाकताना कॉम्प्युटरनं काहीतरी विचारलं, मी वाचलं नाही, "नको" दाबलं. आता ४८ वरची फाईल ४४.१ च्या वेगानं वाजली की ती आठ टक्के हळू होते आणि आवाजही जवळजवळ दीड अर्धस्वर खाली उतरतो. ड्रमचा सूर कुणी तपासत नाही. उलट सगळे खूश: "काय भारी वजन आलंय!" सरांनी दोन संध्याकाळी बसून त्यावर बेस वाजवला. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की नऊ मिनिटं बारा सेकंदांचं गाणं दहा मिनिटं एक सेकंद भरतंय. दुकानात जमा-खर्च जुळला नाही की पोटात जसं होतं तसं झालं. सगळा बेस पुन्हा. सर काही बोलले नाहीत, फक्त पुढच्या रविवारी चहाचे पैसे मला द्यायला लावले. स्टुडिओतून निघताना सँपल रेट कागदावर लिहून घ्या आणि घरी फाईल लावल्यावर आधी गाण्याची लांबी बघा.

गिटारच्या आवाजात घूं-घूं यायची. महाग केबल घेऊन झाली, फरक नाही. लॅपटॉपचा चार्जर काढला की कमी व्हायची, त्यावरून वायरमनला बोलावलं. विश्रामबागेत आम्ही घरचं रेकॉर्डिंग करायचो त्या खोलीचं अर्थिंग नावालाच होतं. खड्डा, कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी: २,२०० रुपये. घूं-घूं गेली, वर फ्रिजला हात लावल्यावर बसणारा झटकाही गेला. घरमालकीण अजून मला दुवा देते.

तानपुऱ्यासाठी मिरजेला गेलो. ॲपमधला तानपुरा आम्ही लावून बघितला होता. तो चुकत नाही, हीच त्याची अडचण. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत सरांच्या ओळखीचे एक चाचा आहेत, मंगळवेढ्याकडून येणाऱ्या भोपळ्यांच्या राशीत बसून काम करणारे. त्यांना सांगितलं, पुराचं गाणं आहे, खालच्या षड्जावर पाणी भरल्यासारखा आवाज हवा. ते हसले, घोडीवर तारांखालचा जवारीचा दोरा थोडा सरकवला आणि म्हणाले, "ले बेटा, भर गया." रेकॉर्डिंग त्यांच्या दुकानातच केलं, दुपारी दोन ते चार, गल्ली झोपलेली असताना. बत्तीस मिनिटांचं. त्यात एकदा बाहेरून दुचाकी गेली तेवढा तुकडा सोडला. पैसे घेतले नाहीत, चाळीस बघायला म्हणून एकदा पूल दाखवा म्हणाले.

जानेवारीत गळा झाला. त्यावर सांगण्यासारखं फार नाही. हिवाळ्यात उसाचा धूर असतो, सकाळी गाऊ नका.

आता खरा अवघड भाग, आणि तो वाद्यांचा नव्हता. कोल्हापूरहून परतताना गाडीत मावसभाऊ सहज म्हणाला, "चाल तर माझीच आहे." मागच्या सीटवरून ड्रमरचा आवाज आला, "आणि ताल?" झालं. सांगली येईपर्यंत कुणी बोललं नाही. तीन आठवडे तालीम बंद. सरांचं म्हणणं, सगळं चौघांचं समान. माझं म्हणणं, शब्द माझे एकटीचे. आणि एक गोष्ट प्रत्येकाला ठाऊक होती पण कुणी काढत नव्हतं: पंचेचाळीसला जी सुरावट येते ती चौघांपैकी कुणाचीच नाही. ती बंगळुरूला गेलेल्या पाचव्याची आहे. जुन्या सात एमबीत ती त्याच्याच बोटांतून येते.

चार वर्षं आम्ही एकमेकांना वाढदिवसाच्या केकच्या चित्रापलीकडे काही पाठवलं नव्हतं. मी एका रात्री फोन लावला. हवा-पाण्यावर सात मिनिटं घालवली. मग सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "नाव घालणार?" मी म्हटलं, घालणार, आणि वाटाही. "वाटा कशाचा लेका, मिळणार काय त्यात," म्हणाला आणि हसला. फोन ठेवल्यावर मला रडू आलं, का ते सांगता येत नाही.

२१ जानेवारी २०२५, मंगळवार, दुपारची सुट्टी काढून विजयनगरला कोर्टाबाहेर गेलो. करार एका पानाचा: शब्द माझे, बाकी तीन गाण्यांचं संगीत चौघांचं समान, या एका गाण्याचं पाच जणांचं, ध्वनिमुद्रणाचे निर्माते चौघं, कुणी बँड सोडली तरी झालेल्या गाण्यांतला वाटा सुटत नाही. पूर्वी असल्या कामाला १०० रुपयांचा स्टॅम्प चालायचा, ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात तो ५०० चा झालाय. टायपिंग आणि नोटरी मिळून ४५०. टायपिस्टनं "रॉक" वाचून विचारलं, खडी क्रशर आहे का. सरांनी शांतपणे हो म्हटलं, कारण मागं रांग होती. कायद्यानं गाणं तयार झालं की हक्क आपोआप येतो, त्याला कागद लागत नाही. कागद लागतो तो आपसात. हा आम्ही ड्रमच्या आधी करायला हवा होता.

मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळे वाजवलेले आवाज एकत्र बसवणं, पुण्याच्या एका मुलीनं केलं, गाण्याला ५,०००, तीन दुरुस्त्या धरून. मास्टरिंग, म्हणजे बसवलेल्या गाण्यावरचा शेवटचा हात, गाण्याला १,५००, दुसरीकडे. तिथून पहिल्यांदा जे आलं ते ऐकून आम्ही गारच पडलो. सगळं इतकं मोठं केलं होतं की चाळीस आणि सत्तावन्न सारखेच. पाणी चढतच नव्हतं. आजकाल बहुतेक ॲप स्वतःच गाण्यांचा आवाज एका पातळीला आणतात, बरीच जण उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) आसपास, म्हणून ओरडून काही फायदा नसतो. हे लिहून पाठवलं, परत करून आलं. सुरुवातीचा तानपुरा आता इतका हळू आहे की बसमध्ये ऐकू येत नाही. येऊ नये.

शेवटच्या वीस सेकंदांत, सगळं थांबल्यावर, जुन्या सात एमबीतला एक तुकडा ठेवला. कुकरच्या दोन शिट्ट्यांसकट.

लेबल नसलं की गाणी ॲपवर न्यायला मधला एक वितरक लागतो. वर्षाचे १,८०० भरले. १० मार्चला अपलोड, तारीख धरली शुक्रवार ११ एप्रिल. चार आठवडे हातात ठेवाच. कारण आमचं मुखपृष्ठ पाच दिवसांनी परत आलं. चित्र ३००० बाय ३००० पिक्सेलचं होतं, पण त्यावर नाव देवनागरीत आणि फॉर्ममध्ये मी रोमनमध्ये भरलेलं. दोन्हीकडे एकच लिपी ठेवा. प्रत्येक गाण्याला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो, तो गाण्याचा आधार नंबर समजा. वितरक फुकट देतो, तो डायरीत उतरवून ठेवा, वितरक बदलला तरी तोच वापरायचा असतो. अमेरिकेच्या करासाठी डब्ल्यू-८ बेन फॉर्म भरायला सांगतील. घाबरू नका, पॅन क्रमांक लागतो, दहा मिनिटांचं काम. भरला नाही तर तिथल्या कमाईतून ३० टक्के कापतात.

११ एप्रिलला सकाळी आमची गाणी दिसेनात. दुपारी कळलं, ती त्याच नावाच्या कुठल्यातरी परदेशी गायकाच्या पानावर गेली होती. सोडवायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत त्याच्या चाहत्यांपैकी एकानं तानपुऱ्याबद्दल चांगलं लिहिलं, हा बोनस.

कॉपीराइट नोंदणी ऐच्छिक आहे, पण भांडण कोर्टात गेलं तर तो प्रथमदर्शनी पुरावा धरतात. अर्ज ऑनलाइन, फॉर्म १४. शुल्क शब्दांना ५००, संगीताला ५००, ध्वनिमुद्रणाला २,०००, आणि प्रत्येकाचा अर्ज वेगळा. चार गाण्यांचे १२,००० झाले असते, म्हणून फक्त लांब गाण्याचे केले. ५ मे २०२५ ला भरले, डायरी नंबर, म्हणजे अर्जाचा क्रमांक, लगेच आला. त्यानंतर कुणाची हरकत येते का म्हणून तीस दिवस थांबावंच लागतं. ते संपले म्हणजे प्रमाणपत्र येतं असं मला वाटलं होतं. ऑगस्टमध्ये त्रुटीचं पत्र आलं: संगीताच्या अर्जात पाच नावं, ना-हरकत चारांचीच. पाचव्याची स्कॅन केलेली सही फाईलमध्ये होती, पण तारीख नसलेली. मूळ प्रत बंगळुरूहून कुरिअरनं मागवली, पुन्हा स्कॅन, पुन्हा अपलोड. मग रोज स्टेटस बघायची सवय लागली, जसं पावसाळ्यात पाण्याची पातळी बघतो तशी.

हिशेब मांडला. इंटरफेस, कोल्हापूर, गाडी, अर्थिंग, मिक्स, मास्टर, वितरक, स्टॅम्प-नोटरी, कॉपीराइट: ५७,६५० रुपये. आकडा वाचून मावसभाऊ म्हणाला, हा तू मुद्दाम आणलायस. नाही आणला. कमाईचं विचारू नका. एका मोठ्या ॲपवर गाणं बारा महिन्यांत हजारदा वाजल्याशिवाय पैसे मोजायलाच घेत नाहीत, आणि तीस सेकंद ऐकलं काय नि नऊ मिनिटं ऐकलं काय, मोजताना एकच. आमच्यासारख्यांचा धंदा नव्हे हा.

गेल्या आठवड्यात तिन्ही प्रमाणपत्रं आली. मी पाचांच्या ग्रुपवर टाकली. हो, ग्रुप आता पाचांचा आहे. त्याच रात्री त्याचा फोन आला. पुराचं गाणं म्हणून त्यानं ते आजवर आईला ऐकवलंच नव्हतं. त्या दिवशी टीव्हीवर लावलं. काकू पूर्ण नऊ मिनिटं बसून होत्या, हातातलं निवडणं सोडून. शेवटी शिट्ट्या आल्या, गाणं संपलं, आणि त्या म्हणाल्या, "दोनच? डाळ कच्ची राहिली असंल की रे."